पणजोबा फितूर होते का? युद्धकैदी आणि शत्रूची वर्दी

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घराच्या दुरुस्तीसाठी माळा रिकामा करताना पत्र्याच्या पेटीत पणजोबांचे डिस्चार्ज बुक आणि एक पिवळे पडलेले कार्ड सापडले. पणजोबा मराठा पलटणीत होते. १९४२ साली उत्तर आफ्रिकेतल्या तोब्रुकला पकडले गेले आणि लढाई संपल्यावर घरी आले. घरात सांगतात की ते जर्मनीत नेताजींच्या फौजेत होते. भावकीतली जुनी माणसे मात्र दबक्या आवाजात ‘फितूर झाला होता’ असे म्हणतात. पकडलेल्या सैनिकाला शत्रू आपल्या फौजेत भरती करू शकतो का? आणि तो गेला, तर गुन्हेगार कोण?

ताई, माझी बहुतेक सगळी नोकरी सैन्याच्या कायदा शाखेत, म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरलच्या खात्यात गेली. जवानांना आणि अधिकाऱ्यांना जिनिव्हा करार, म्हणजे युद्धकैदी, जखमी यांना कसे वागवायचे याचे आंतरराष्ट्रीय करार शिकवणे हा तिथल्या कामाचा मोठा भाग होता. निवृत्तीनंतर दापोलीत राहतो. इंग्रजांच्या काळात पेन्शनर शिपाई जिथे घरे बांधून राहिले, ते हे गाव. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही पेन्शनीनंतर इथेच आले होते. तुमच्यासारख्या पेट्या इथल्या अजूनही बऱ्याच घरांत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. युद्धकैद्याला बळजबरीने आपल्या फौजेत घेणे हा युद्धगुन्हा आहे, आणि तो गुन्हा पकडणाऱ्याचा. कैदी आपल्या खुशीने गेला, तर त्याच्या स्वतःच्या देशाच्या लष्करी कायद्याने तो गुन्हेगार ठरतो. म्हणजे सगळी मेख ‘खुशी’ या एका शब्दात अडकली आहे, आणि माझे म्हणणेही त्याच शब्दाबद्दल आहे. कैदेतला माणूस ‘हो’ म्हणाला की ‘नाही’ म्हणाला, हे नंतर बघा. ‘नाही’ म्हटल्यावर त्याच्यापुढे काय वाढून ठेवले होते, ते आधी बघा.

कायद्याचा धागा असा आहे. युद्ध कसे लढावे याच्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांच्या २३व्या कलमाने शत्रूच्या प्रजाजनांना त्यांच्याच देशाविरुद्ध लढायला लावण्यास मनाई केली. १९२९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकार्याशी थेट संबंध असलेले काम कैद्यांकडून घेण्यास बंदी घातली. जपानने त्यावर सही केली, पण मंजुरी दिली नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या १३०व्या कलमात मात्र स्पष्ट लिहिले गेले की युद्धकैद्याला शत्रूच्या सैन्यात नोकरी करायला भाग पाडणे हा कराराचा गंभीर भंग आहे. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीतही हा युद्धगुन्हा म्हणूनच नोंदला आहे. भारत त्या संविधीत सामील नाही, पण जिनिव्हा करार आपल्यावर पूर्ण बंधनकारक आहेत.

मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते १९४९ च्या कराराचे सातवे कलम. त्यानुसार कैद्याला करारातले आपले हक्क सोडून देताच येत नाहीत. त्याने सही केली, अंगठा दिला, तरी ते हक्क सुटत नाहीत. आपल्या रोजच्या व्यवहारात माणसाने स्वतः सोडलेला हक्क सुटतो. मग इथे उलटे का? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी दोन लाखांहून अधिक फ्रेंच युद्धकैद्यांना ‘आता तुम्ही कैदी नाही, कामगार आहात’ असे सांगून जर्मन कारखान्यांत राबवले. कागदोपत्री सगळे राजीखुशीने झाले होते. त्या राजीखुशीबरोबर त्यांच्या डोक्यावरचे कैद्याचे संरक्षणही गेले. अशा अनुभवांतून शहाणे होऊन ते कलम लिहिले गेले आहे.

दुसऱ्या बाजूला आपला १९५० चा आर्मी अ‍ॅक्ट. त्याच्या ३४व्या कलमात, युद्धकैदी झाल्यावर जो स्वेच्छेने शत्रूची नोकरी करतो किंवा शत्रूला मदत करतो, त्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. तिथेही ‘स्वेच्छेने’ हा शब्द आहे आणि ती स्वेच्छा सिद्ध करण्याचे ओझे आरोप ठेवणाऱ्यावर आहे. गावकीत असे कुणी ओझे घेत नाही. तिथे एक शब्द उच्चारला की तीन पिढ्यांना चिकटतो.

भरती कशी होते, हे लोकांना चाबूक आणि बेड्या अशा चित्रातून दिसते. प्रत्यक्षात सुरुवात बहुधा चहाने होते. बेळगावच्या एका वर्गातला प्रसंग सांगतो. कैदी झालेल्या जवानाने चारच गोष्टी सांगायच्या असतात: नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख. हे शिकवून झाल्यावर आम्ही सराव घ्यायचो. एका तरुण जवानाला ‘कैदी’ केले आणि एका मुरलेल्या हवालदाराला ‘शत्रू’. पहिली दहा मिनिटे हवालदाराने आरडाओरडा केला. पोरगा दगडासारखा उभा, चार गोष्टींपलीकडे एक अक्षर नाही. मग हवालदाराने खुर्ची पुढे केली, चहाचा मग हातात दिला आणि आवाज उतरवून म्हणाला, “बोलण्यावरून गुहागरकडचा वाटतोस रे. यंदा शिमग्याला पालखी नाचवायला गेलास की नाही?”

पोराचे डोळे भरून आले. म्हणाला, “नाही ना. सुट्टीच नाही मिळाली. आमची आख्खी कंपनी तेव्हा वरती...” आणि जीभ चावली.

वर्ग हसला. मला हसू आले नाही. तो सराव होता, खोलीला दार होते आणि संध्याकाळी त्याला लंगरातले जेवण मिळणार होते, तरी गावाचे नाव निघाल्यावर त्याला ते सोसवले नाही. सहा महिने अर्धपोटी असलेल्या, घरून पत्र न आलेल्या माणसासमोर कुणी त्याच्याच भाषेत बोलत येऊन बसले, तर काय होईल याचा विचार करा. भरती करणारा जवळजवळ नेहमी कैद्यांच्याच रक्ताचा आणि भाषेचा माणूस असतो.

आता आपल्या किनाऱ्याचे दोन अधिकारी. दोघेही दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडले.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांच्या वर हिंदी सैनिक गोळा केले गेले. गोरे सैनिक आणि अधिकारी वेगळे काढले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याने हिंदी फौज जपान्यांच्या ताब्यात देत असल्याचे सांगितले आणि यापुढे त्यांचे हुकूम पाळा म्हणून बजावले. ज्या सरकारचे मीठ खाल्ले म्हणून लढलो, त्याने मेंढरे मोजून द्यावीत तसे आपल्याला दिले, असे त्या मैदानातल्या अनेकांना वाटले. मग जपानी मेजर फुजिवारा बोलला, मग कैद्यांपैकीच एक हिंदी अधिकारी कॅप्टन मोहनसिंग बोलले, आणि आझाद हिंद फौजेची मुळे तिथे रुजली. नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले ते पुढच्या वर्षी, जुलै १९४३ मध्ये.

त्या पाडावात सापडलेले जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे. इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी कॉलेजात शिकलेले, गढवाल रायफल्समधले लेफ्टनंट कर्नल. ते आझाद हिंद फौजेत गेले, तिथले मेजर जनरल झाले आणि नेताजींच्या हंगामी सरकारात मंत्रीही. स्वातंत्र्यानंतर रत्नागिरी भागातून लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले.

दुसरे कॅप्टन धारगळकर, थर्ड कॅव्हलरीचे. आडनाव आपल्या पेडण्याजवळच्या धारगळचे. ते आणि त्यांचे सहकारी कॅप्टन हरी बधवार यांनी फौजेत जायला नकार दिला. जपान्यांनी त्यांना धड उभे राहता येऊ नये आणि धड आडवेही होता येऊ नये अशा पिंजऱ्यांत जवळजवळ तीन महिने कोंडले. युद्धानंतर आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला चालला, त्यात धारगळकरांची साक्ष झाली. पुढे ते स्वतंत्र भारताच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले.

या दोघांपैकी एकाला थोर ठरवण्यासाठी दुसऱ्याला हलका ठरवावे, असे मला कधीच वाटले नाही. भोसल्यांसमोर देशाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, जपानच्या चाकरीचा नव्हता. धारगळकरांसमोर घेतलेली शपथ होती. दोघांनीही किंमत मोजली. पण ते अधिकारी होते, शिकलेले होते, जगाच्या राजकारणात काय चालले आहे ते त्यांना कळत होते. छावणीतल्या साध्या शिपायाला निवड मिळाली ती अशी नव्हती. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे रेशन कमी झाले, काहींना वेगळ्या छळछावणीत टाकले. न गेलेल्यांपैकी हजारोंना जहाजांच्या पोटात भरून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनकडे मजुरीला नेले आणि त्यांतले बरेच भुकेने, मलेरियाने आणि माराने तिथेच संपले. हाँगकाँगमध्ये कॅप्टन मतीन अन्सारी हे मूळचे हैदराबादचे अधिकारी शेवटपर्यंत बधले नाहीत, आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना ठार मारले.

तसेच कितीतरी शिपाई मनापासून, नेताजींचे भाषण ऐकून गेले आणि इम्फाळच्या वाटेवर मेले. त्यांची ‘खुशी’ खोटी होती असे म्हणायचा अधिकार मला नाही. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांचे ‘हो’ वेगवेगळ्या तऱ्हेचे असू शकते, एवढेच सांगतो.

लाल किल्ल्यात ५ नोव्हेंबर १९४५ ला शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर खटला सुरू झाला. बचावाचे वकील भुलाभाई देसाई. त्यांनी ‘बिचाऱ्यांवर बळजबरी झाली’ असा दयेचा सूर लावलाच नाही. परतंत्र देशालाही स्वातंत्र्यासाठी युद्ध पुकारायचा हक्क आहे, या लोकांचे सरकार होते, फौज होती, म्हणून हे युद्ध होते आणि त्याला बंडखोरीचा कायदा लागू नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी तो तरुण अधिकाऱ्यांना दरवर्षी वाचायला लावायचो. कोर्टाने जन्मठेप काळ्या पाण्याची दिली, सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये ती माफ केली. बडतर्फी आणि बुडालेला पगार मात्र तसाच राहिला. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या बंदरात नौसैनिकांनी उठाव केला, तेव्हा आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा ही त्यांच्या मागण्यांतली एक होती.

आता तुमच्या पणजोबांची वाट. ती सिंगापूरची नाही.

तोब्रुक पडले २१ जून १९४२ ला. जर्मन सेनापती रोमेलचा घाव ज्या आग्नेय बाजूवर बसला, तिथे दुसरी मराठा पलटण होती. तिचे पुरे नाव टू-फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री. त्या पलटणींत कोकणी मराठ्यांची भरती पिढ्यान्‌पिढ्या होती. सुमारे ३३,००० सैनिक पकडले गेले. हिंदी कैद्यांना आधी इटलीत नेले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा काही जण तारा तोडून डोंगरांत पळाले आणि इटालियन शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यांत लपवून जगवले. बाकीच्यांना जर्मनांनी मालगाड्यांत भरून उत्तरेला नेले.

जर्मनीतले भरतीचे केंद्र म्हणजे आनाबुर्गची छावणी. तिथून ‘फ्री इंडिया लीजन’ उभी राहिली, म्हणजे तुमच्या घरात सांगतात ती नेताजींची जर्मनीतली फौज. संख्या सुमारे ३,०००. म्हणजे युरोपात असलेल्या हिंदी कैद्यांपैकी बहुसंख्य गेले नाहीत. जे गेले त्यांच्या शपथेत हिटलर आणि सुभाषबाबू दोघांचीही नावे होती. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये पाणबुडीने पूर्वेकडे निघाले आणि ही माणसे मागे राहिली. आपण हिंदुस्थानच्या वाटेला लागू अशा आशेवर वर्दी चढवलेल्यांना आधी हॉलंडच्या आणि मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहारा द्यायला लावले. बोर्दोजवळचे लाकानो हे ठिकाण वाळूचे आणि पाइनच्या झाडांचे. आपल्याकडची सुरूची बने आठवली असतील का त्यांना, असे मला नेहमी वाटते. १९४४ च्या ऑगस्टमध्ये ती तुकडी एसएसकडे, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाकडे वर्ग झाली. शिपायांना कुणी विचारले नाही. कैद्याने एकदा ‘हो’ म्हटले की पुढच्या वळणांवर त्याला कुणी विचारत नाही, आणि या भरतीतला सर्वांत मोठा अन्याय मला हाच वाटतो.

इथे तुमच्या कार्डाकडे येतो. तुम्ही लिहिता की त्यावर लांबलचक जर्मन शब्द छापला आहे, फ्रॉन्टस्टालाग असा शिक्का आहे, ‘एपिनाल’ असे वाचता येते आणि तारीख मार्च १९४४ ची आहे. तो लांब शब्द म्हणजे ‘युद्धकैद्यांचे टपाल’, आणि फ्रॉन्टस्टालाग म्हणजे जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी. म्हणजे त्या तारखेला तुमच्या पणजोबांची नोंद कैदी म्हणून होती. फ्रान्समधल्या एपिनालला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले, छावणीची भिंत पडली, काही कैदी मेले आणि शेकडो जण बाहेर पडले. त्यांतले सुमारे ५०० जंगलांतून, फ्रेंच खेडुतांच्या मदतीने चालत स्वित्झर्लंडला पोहोचले. लीजन त्या वेळी शेकडो मैल दूर, अटलांटिकच्या किनाऱ्यावर होती.

तेव्हा त्या महिन्यात तुमचे पणजोबा लीजनच्या वर्दीत नव्हते, असे मानायला हे कार्ड पुरेसा आधार देते. पण ताई, हे वाचून ‘सुटलो एकदाचे’ असे म्हणू नका. ते लीजनमध्ये असते, तरी मी तुम्हाला फितूर हा शब्द वापरू दिला नसता. उपाशी माणसाला भाकरीबरोबर पुढे केलेला कागद आणि तृप्त माणसाने पैशासाठी उघडलेला किल्ल्याचा दरवाजा यांना एकच शब्द लावणे मला पटत नाही.

हे किती टोकाला जाते ते रशियात दिसले. जर्मनांनी सत्तावन्न लाखांच्या आसपास सोव्हिएत सैनिक पकडले, त्यांतले तेहतीस लाखांच्या आसपास कैदेत मेले. १९४१ च्या हिवाळ्यात तारेच्या आत ‘नाही’ म्हणणे म्हणजे वसंतापर्यंत मरणे. लाखो जण जर्मनांची पडेल ती नोकरी करायला तयार झाले. आणि त्यांच्या स्वतःच्या सरकारने तर १९४१ च्या ऑगस्टमध्येच हुकूम काढला होता की शरण जाणारा तो गद्दार. परत गेलेल्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

आपल्या इतिहासात याच्या उलटही घडले आहे. नेताजी पालकर हे स्वराज्याचे सरनौबत, खालापूरजवळचे चौक हे त्यांचे गाव मानतात. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने पालकरांना कैद करवले. त्यांचे धर्मांतर झाले, मुहम्मद कुली खान हे नाव मिळाले आणि मोगलांसाठी लढायला त्यांना काबूलच्या बाजूला धाडले. जवळजवळ दहा वर्षांनी, १६७६ मध्ये ते परत आले. महाराजांनी त्यांना शुद्ध करून पुन्हा आपल्यात घेतले. पालकर त्याआधी स्वतःहून विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेले होते, हे महाराज विसरले असतील असे नाही.

पहिल्या महायुद्धातली कोकणाची आठवण म्हणजे आजच्या इराकमधले कुत-अल-अमारा. एप्रिल १९१६ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन तिथे शरण गेली. तीत मराठा पलटणी होत्या. तुर्कांनी धर्म बघून कैदी वेगळे काढले आणि मुसलमान शिपायांना बरी वागणूक दिली, त्यांना आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला. बर्लिनजवळ वुन्सडोर्फला जर्मनांनी याच हेतूने मुसलमान कैद्यांसाठी मशीदसुद्धा बांधली. आजच्या कराराच्या सोळाव्या कलमात कैद्यांमध्ये वंश, राष्ट्रीयत्व, धर्म किंवा राजकीय मत बघून वाईट भेदभाव करू नये असे आहे.

हे सगळे जुने झाले म्हणावे, तर २०२३ मध्ये रशियाने युक्रेनच्या युद्धकैद्यांतून एक बटालियन उभी केली. सगळे स्वयंसेवक आहेत असे सांगितले गेले. मी त्यांच्या छायाचित्रांत चेहरे बघत नाही. दार कुठे आहे आणि त्याची कडी कुणाच्या हातात आहे, ते शोधतो.

ही सवय मला एका कैद्याने लावली. १९७१ नंतर आपल्याकडे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते. मी तेव्हा कोवळा लेफ्टनंट, एका छावणीवर पहाऱ्याला. थंडीची रात्र होती. तारेजवळ बसलेल्या एका वयस्क हवालदाराला मी माझ्याजवळचे सिगारेटचे पाकीट पुढे केले. मनात काहीही नव्हते. त्याने पाकिटाकडे बघितले, मग माझ्याकडे आणि शांतपणे विचारले, “साहब, बदले में क्या?” मी म्हटले, काही नाही. त्याने तरी हात पुढे केला नाही. मी माझ्याकडून भले देत असेन. तारेच्या आत बसलेल्याला ते भले आहे की आमिष, हे कळायला काही मार्गच नव्हता.

आता तुमच्या कामाचे. डिस्चार्ज बुकात तीन जागा बघा: शेवटच्या पानांवरचा वर्तणुकीचा शेरा, कैदेच्या काळातल्या पगाराची नोंद आणि पदकांची यादी. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी परतलेल्या कैद्यांना पांढरे, करडे आणि काळे, म्हणजे निष्ठावान, मधले आणि शत्रूकडे मनापासून गेलेले अशा तीन वर्गांत वाटले होते. काळ्यांना नोकरीतून काढले आणि कैदेतला पगार जप्त केला. कैदेचा पगार पुरा मिळाल्याची नोंद आणि आफ्रिका स्टार असेल, तर भावकीला तेच पान उघडून दाखवा. त्यांचा सैनिक नंबर आणि पलटण लिहून बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो लिहायला मदत करतात. जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे त्या काळच्या कैद्यांच्या नोंदी आहेत, कुटुंबीयांना तिथेही विचारता येते. घराण्यात कुणी आझाद हिंदमध्ये होते असे निघाले, तर लाजायचे कारण नाही. १९७२ पासून केंद्र सरकारने त्यांना स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनीत धरले आहे.

आणि ते कार्ड. त्यावरच्या सात छापील ओळींत पणजोबांनी काय लिहिले ते तुम्ही मला उतरवून पाठवलेत: सगळे खुशाल असाल, लावणी कुणी केली, पाडीला वासरू झाले का, धाकट्याला शाळेत घाला. त्याला लॅमिनेट करू नका, उष्णतेने शाई जाते. पेटीतही परत ठेवू नका, पत्र्याला ओल धरते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात घाला आणि पाऊस लागायच्या आत घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवा.